मलपृष्ठावर प्रेमकथा, आत मारहाण: याला फसवणूक म्हणायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलीन हूवर यांची ‘इट एन्ड्स विथ अस’ ही इंग्रजी कादंबरी तुम्ही धाकट्या बहिणीला वाढदिवसाची भेट म्हणून दिली. मुखपृष्ठावर गुलाबी रंग आणि फुले, मागच्या मजकुरात बॉस्टनमध्ये स्वतःचा व्यवसाय उभारणारी तरुणी, देखणा न्यूरोसर्जन आणि अचानक परत भेटलेला पहिला प्रियकर, एवढे पाहून मन रमवणारी प्रेमकथा असेल असे तुम्ही धरून चाललात. बहीण नुकतीच मारहाणीच्या संसारातून बाहेर पडलेली आहे. नवरा बायकोवर हात उगारतो ते प्रसंग आले तेव्हा तिने पुस्तक मिटले, आणि ‘तुला हेच मिळालं का मला द्यायला?’ असे तुम्हाला विचारले. हा मजकूर लिहितो तरी कोण, त्याला फसवणूक म्हणायचे का आणि पुढच्या वेळी काय पाहून पुस्तक घ्यावे, असे तुम्ही विचारता. मराठी प्रकाशनव्यवसायात संपादनाचे काम करताना मलपृष्ठावरचे मजकूर, म्हणजे ब्लर्ब, लिहिणे हा माझ्या नेहमीच्या कामाचा भाग राहिला आहे, त्यामुळे हे उत्तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूने देतो आहे.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर. होय, त्या मजकुराने तुमची दिशाभूल केली, आणि तरीही त्यात खोटे असे एकही वाक्य सापडणार नाही. नायिका लिली मेन राज्यातल्या लहान गावातून आलेली आहे, तिने बॉस्टनमध्ये फुलांचे दुकान काढले आहे, राइल नावाचा सर्जन तिच्या आयुष्यात येतो, अॅटलस नावाचा जुना सोबती परत येतो, हे सगळे जसेच्या तसे कादंबरीत आहे. या प्रेमाची फार मोठी किंमत मोजावी लागते, अशा अर्थाची एक ओळही मजकुरात आहे. काही आवृत्त्यांच्या प्रसिद्धीत तर जो प्रेम करतो तोच कधी कधी सर्वांत जास्त दुखावतो, अशा अर्थाचे वाक्यही वापरले गेले आहे. प्रकाशकाला उद्या कोणी जाब विचारला, तर तो याच ओळींवर बोट ठेवील. पण प्रेमकथांच्या फळीवर ठेवलेल्या पुस्तकावर ‘दुखावणे’ हा शब्द वाचला की वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रेमभंग येतो, फार तर विश्वासघात येतो. स्वयंपाकघरात बसलेला फटका कोणाच्या मनात येत नाही. दिशाभूल वाक्यांनी झालेली नाही, ती फळीने केली आहे.

हा मुद्दा आमच्या धंद्याबाहेर फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पुस्तकाचा प्रकार हे स्वतःच एक वचन असते. अमेरिकेतील प्रेमकथालेखकांच्या संघटनेने, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकेने, आपल्या व्याख्येत दोनच अटी ठेवल्या आहेत: मध्यवर्ती कथा प्रेमाची असावी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायी असावा. इंग्रजी वाचणारी मुलगी तो प्रकार निवडते तेव्हा ही दुसरी अट तिने न वाचताही गृहीत धरलेली असते. त्या फळीवर मारकुट्या नवऱ्याची कथा ठेवायला हरकत नाही, पण मग फळीने दिलेले वचन मोडणारी एक तरी स्पष्ट खूण कव्हरवर असायला हवी. ती नसेल तर मुखपृष्ठाचा रंग, अक्षरांचे वळण, फुले आणि मागचा मजकूर हे सगळे मिळून एकच सांगत राहतात, आणि ते ऐकणाऱ्या वाचकाला दोष देता येत नाही. तेव्हा तुम्ही निष्काळजी होतात असे मनातून काढून टाका.

हा मजकूर लिहितो कोण, याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा साधे आहे. लेखक तो क्वचितच लिहितो. मोठ्या इंग्रजी प्रकाशनसंस्थांत संपादक किंवा खास त्या कामासाठी नेमलेला मजकूरलेखक तो लिहितो, विक्रीविभाग त्यावर हात फिरवतो आणि लेखकाला तो संमतीसाठी दाखवला जातो. आपल्याकडे संपादक, कधी प्रकाशक स्वतः, तर कधी एखादे मान्यवर साहित्यिक तो लिहितात. डेमी आकाराच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचे छायाचित्र, बारकोड, किंमत आणि प्रकाशनाचे बोधचिन्ह बसल्यावर उरलेल्या जागेत शंभर-सव्वाशे शब्द मावतात. तो मजकूर पुष्कळदा पुस्तक पूर्ण होण्याआधी लागतो, कारण प्रकाशनपूर्व सवलतीचे पत्रक, विक्रेत्यांना पाठवायची यादी आणि मासिकातली जाहिरात आधी जाते. मग पहिल्या काही प्रकरणांवरून आणि लेखकाने दिलेल्या टिपणावरून मजकूर तयार होतो, तोच पुढे मलपृष्ठावर जातो, आणि कादंबरी उत्तरार्धात कुठल्या अंधारात शिरली आहे याचा त्याला पत्ताच नसतो. अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत तर मूळ इंग्रजी ब्लर्बचा अनुवाद करून काम भागवण्याची सवय आहे, म्हणजे मूळ मजकुरातली लपवाछपवीसुद्धा आपण इमानाने मराठीत आणतो.

मात्र तुमच्या पुस्तकाच्या बाबतीत घाई किंवा अज्ञान हे कारण सांगता येणार नाही. ही कादंबरी २०१६ साली आली, तिला खरी लोकप्रियता चारपाच वर्षांनंतर टिकटॉकवरच्या तरुण वाचकांमुळे मिळाली, आणि तोवर ती कशाविषयी आहे हे उघडे गुपित झाले होते. लेखिकेने पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या टिपणात आपल्या आईने सोसलेल्या मारहाणीविषयी आणि ती त्यातून बाहेर कशी पडली त्याविषयी लिहिले आहे. कथेचे मूळ तिथे आहे. एवढे असूनही जानेवारी २०२३ मध्ये या कादंबरीवर आधारित रंग भरण्याचे पुस्तक काढण्याची घोषणा झाली आणि वाचकांनी टीकेची झोड उठवल्यावर ती मागे घ्यावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये चित्रपट आला तेव्हा फुलाफुलांचे कपडे घालून मैत्रिणींसह पाहायला या, अशा सुरात प्रसिद्धी झाली आणि पुन्हा तोच वाद पेटला. एकच तक्रार तीनतीनदा होते आहे याचा अर्थ असा की विक्री करणाऱ्यांना हे पुस्तक प्रेमकथा म्हणूनच विकायचे होते, आणि ते तसे विकलेही गेले.

आता दुसरी बाजू मांडतो, कारण ती खरोखर वजनदार आहे. लेखिकेचा डावच असा आहे की वाचकाने राइलच्या प्रेमात पडावे. लिलीला तो आवडतो तसा आपल्यालाही आवडावा, पहिल्या प्रसंगानंतर आपणही त्याच्या बाजूने सबबी शोधाव्यात, आणि ‘ती सोडून का जात नाही’ असे सहज विचारणाऱ्यांना त्या प्रश्नातला निर्दयपणा स्वतःच्या अंगावर कळावा. ही रचना मला मान्य आहे, ती कादंबरीकाराच्या अधिकारातली गोष्ट आहे. मलपृष्ठावर ‘हा सर्जन पुढे बायकोला मारतो’ असे छापले असते तर तो डाव पहिल्याच पानाआधी उधळला गेला असता. ब्लर्बने कथा फोडू नये हा नियम आम्ही सगळेच पाळतो, आणि तो योग्य आहे.

परंतु या कादंबरीचे पहिले प्रकरण पुन्हा काढून पाहा. लिली वडिलांच्या अंत्यविधीहून आलेली आहे, रात्री एका इमारतीच्या गच्चीवर तिची राइलशी पहिली भेट होते, आणि त्याच भेटीत ती त्या अनोळखी माणसाला सांगते की तिचे वडील तिच्या आईला मारत असत. पुढे तिच्या जुन्या रोजनिशीतून त्या घराचे चित्र उलगडत जाते. म्हणजे कौटुंबिक हिंसा हे या पुस्तकाचे गुपित नाहीच. लेखिकेने ते सुरुवातीलाच उघड मांडले आहे. गुपित एवढेच आहे की वडिलांची गोष्ट मुलीच्या वाट्याला पुन्हा येते की नाही. जे कादंबरी स्वतः पहिल्या भेटीत सांगून टाकते ते मलपृष्ठाने लपवायचे कारण काय? ‘आईवर होणारी मारहाण पाहत वाढलेली लिली’ एवढे सहा शब्द त्या मजकुरात असते, तरी राइलबद्दल काहीही फुटले नसते, आणि तुम्ही ते पुस्तक बहिणीसाठी उचलले नसते. रहस्य राखण्याची सबब म्हणूनच इथे टिकत नाही.

माझे मत या एका फरकावर उभे आहे. काय घडते, कोणाकडून, केव्हा, हे मलपृष्ठाने झाकावे. पण गोष्ट कोणत्या मुलखातली आहे हे झाकू नये. हे कसे साधते ते एका कल्पित उदाहरणावर दाखवतो. समजा, एका कादंबरीत कोकणातले मोठे घर आहे, तीन बहिणी आहेत, आणि उत्तरार्धात उघड होते की घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्यांतल्या एकीवर लहानपणी अत्याचार केले होते. पहिला खर्डा हमखास असा येतो: ‘कोकणातल्या एका भरल्या घरात वाढलेल्या तीन बहिणींच्या नात्यांचे हळुवार पदर उलगडणारी हृद्य कादंबरी.’ यात खोटे काही नाही, आणि हा मजकूर वाचून कोणीतरी ते पुस्तक दहावी पास झालेल्या पुतणीला देईल. आता तोच मजकूर असा लिहा: ‘निजताना खोलीची कडी आतून लावून घ्यायची, हे या भरल्या घरातल्या तीन बहिणींना कोणी शिकवले नव्हते. वीस वर्षांनी घर विकायला काढताना तिघींना एकमेकींना काही विचारावे लागणार आहे.’ गुन्हेगार कोण, बळी कोण, यातले एक अक्षर फुटलेले नाही. तरी ज्या बाईने असे काही भोगले आहे ती ‘कडी’ या शब्दाशी थबकेल आणि पुस्तक घ्यायचे की नाही ते स्वतः ठरवील. शिवाय हा मजकूर पहिल्यापेक्षा चांगला आहे. तो विकेलही जास्त. विक्रीसाठी गुळमुळीत लिहावे लागते ही आमच्यातल्या अनेकांची समजूत मला कधी पटलेली नाही.

मराठी साहित्यिक कादंबऱ्यांच्या बाबतीत अडचण बऱ्याचदा उलटी असते. तिथे ‘विदारक’, ‘दाहक’, ‘अस्वस्थ करणारे’ हे शब्द गौरवाचे म्हणून इतके सरसकट वापरले जातात की दुष्काळाच्या कथेला, कार्यालयातल्या राजकारणाला आणि बलात्काराच्या प्रसंगाला एकच विशेषण लागते. जे सगळ्यांना लागू पडते ते कोणालाच सावध करत नाही. त्यातही मान्यवरांनी लिहिलेल्या पाठराखणीत, म्हणजे मलपृष्ठावरच्या शिफारशीत, लेखकाची शैली, त्याचे समकालीनांमधले स्थान, भाषेचे वैभव असे सगळे असते, फक्त पुस्तकात काय आहे ते नसते. त्यामुळे काही खुणा वाचायला शिकावे लागते. ‘मानवी नात्यांची गुंतागुंत’ म्हटले की त्याचा अर्थ काहीही असू शकतो; ‘अंगावर येणारे’ म्हटले असेल तर हिंसा असण्याची शक्यता धरावी; ‘स्त्रीमनाचा धांडोळा’ म्हटले असेल तर कोणत्या प्रसंगातून तो घेतला आहे हे विचारल्याशिवाय भेट म्हणून देऊ नये. आपल्याकडच्या विस्तृत प्रस्तावनांची खोड इथे उपयोगी पडते. प्रस्तावनाकार बहुधा सगळे कथानक सांगून मोकळे होतात; रसभंग म्हणून आपण त्यांच्यावर चिडतो, पण दुसऱ्यासाठी पुस्तक निवडताना त्यांच्याइतका भरवशाचा माणूस नाही.

मग चित्रपटांसारखे वयोगटाचे प्रमाणपत्र पुस्तकांवर छापणे सक्तीचे करावे का, असेही तुम्ही विचारले आहे. तुलना अगदी रास्त आहे. याच कथेवरच्या चित्रपटाला अमेरिकेत पीजी-१३ हे, तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारे, प्रमाणपत्र देताना कारण म्हणून कौटुंबिक हिंसेचा स्पष्ट उल्लेख केला गेला, म्हणजे पडद्यावर जे सांगावे लागले ते छापील पुस्तकावर कोणीही सांगितले नव्हते. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरच्या मालिकांना वयोगट आणि आशयाचे वर्णन द्यावे लागते, चित्रपटांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने यूए ७+, १३+ आणि १६+ असे गट आले. पुस्तकांना यातले काही लागू नाही, आणि लागू होऊ नये असेच मी म्हणेन. नाटकाच्या संहितेला आधी परिनिरीक्षण मंडळाची मंजुरी घ्यावी लागते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. १९७२ साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. वाचकाच्या सोयीसाठी म्हणून छापलेली सूचना आणि कोणीतरी वरून लावलेला शिक्का यांतले अंतर फार थोडे असते. ते काम प्रकाशकाने स्वतःहून करावे.

ते कसे करावे, याचे नमुने इंग्रजीत आहेत. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा जो फार मोठा ऑनलाइन संग्रह आहे, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, तिथे कथा टाकताना लेखकाला ठरलेल्या काही सूचनांपैकी निवड करावी लागते: तपशीलवार हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचा लैंगिक संदर्भ. पण ‘मी सूचना देऊ इच्छित नाही’ असाही एक पर्याय आहे, आणि मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, कारण न सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो आणि वाचकाला निदान आपल्याला सांगितले गेलेले नाही हे कळते. अलीकडे पुष्कळ इंग्रजी कादंबऱ्यांत श्रेयनामावलीच्या पानावर, म्हणजे आवृत्ती आणि मुद्रकाचे तपशील असतात तिथे, बारीक अक्षरांत एक ओळ छापतात. ज्याला हवी तो शोधून वाचतो, ज्याला नको त्याची नजर तिकडे जातही नाही. मराठीत हे करायला एक पैसाही जास्त लागणार नाही.

अशा सूचनांमुळे वाचकाचा त्रास कमी होतो असे मात्र मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की सूचना वाचल्याने पुढच्या मजकुराचा भावनिक परिणाम कमी होत नाही, उलट वाचण्याआधीची धास्ती थोडी वाढते. माझा आग्रह त्या कारणासाठी नाहीच. तुमची बहीण हे पुस्तक दोन वर्षांनी, स्वतःच्या मर्जीने, कदाचित बळ मिळवण्यासाठीही वाचू शकली असती. वाढदिवसाच्या कागदात गुंडाळून आल्यामुळे ती निवड तिच्या हातात राहिली नाही, आणि तक्रार असेल तर ती याची असावी.

पुढच्या वेळेसाठी काही गोष्टी. स्वतःसाठी पुस्तक घेताना चुकले तर फार बिघडत नाही. भेट द्यायची असेल तर आधी आपण वाचावे, आणि वाचणे शक्य नसेल तर निदान पहिले प्रकरण आणि शेवटचे लेखकाचे टिपण वाचावे. तुमच्या बाबतीत या दोन्हींपैकी कोणत्याही एकाने काम झाले असते. मराठी पुस्तकांची सुरुवातीची पाने बुकगंगासारख्या संकेतस्थळावर चाळता येतात. इंग्रजी पुस्तकांसाठी ‘स्टोरीग्राफ’ हे वाचकांचे संकेतस्थळ पाहावे. तिथे वाचक स्वतः आशयाच्या सूचना नोंदवतात आणि तो आशय तपशीलवार आहे, मध्यम आहे की ओझरता आहे हेही सांगतात. दुकानदाराला किंवा ग्रंथपालाला ‘पुस्तक चांगले आहे का’ असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी होच येते. ‘अमुक प्रसंगातून गेलेल्या बाईला हे देऊ का’ असे विचारा. वाचनालयाच्या खिडकीशी वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला कोणते पुस्तक कोणी अर्ध्यावर परत आणले हे चांगले ठाऊक असते.

पैसे परत मिळतील का, या प्रश्नाला माझे उत्तर नकाराचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते हे खरे, परंतु कादंबरीच्या मलपृष्ठासाठी तो मार्ग धरून काही साधेल असे मला वाटत नाही. त्याऐवजी प्रकाशकाला पत्र लिहा. लेखिकेवर किंवा विषयावर राग काढू नका, तो भाग वाचलाच जात नाही. कोणती आवृत्ती, कोठून घेतली, मलपृष्ठावरच्या कोणत्या ओळीवरून काय समजूत झाली आणि कोणत्या पानावर काय आढळले, एवढेच अर्ध्या पानात लिहा आणि कोणती ओळ घालावी तेही सुचवा. कव्हर आतल्या पानांपासून वेगळे छापले जाते, त्यामुळे पुनर्मुद्रणाच्या वेळी मलपृष्ठावरचा मजकूर बदलणे हे सर्वांत सोपे काम असते. आतले एक पान बदलण्यापेक्षाही सोपे. संपादकाकडे अशी दोन पत्रे आली तर तो बैठकीत ती पुढे ठेवू शकतो.

राहता राहिली बहीण. ती जिथे थांबली आहे तिथून पुढे आणखी वाईट प्रसंग आहेत, हे तिला स्पष्ट सांगा. लिली शेवटी मुलीच्या जन्मानंतर राइलपासून वेगळी होते, तेही सांगून टाका. रसभंगाची पर्वा इथे करायची नाही. राइलला लेखिकेने बऱ्याच सहानुभूतीने रंगवले आहे आणि अनेक वाचकांना नेमके तेच खटकले आहे, हेदेखील तिला आधी कळलेले बरे. एवढे ऐकून तिला पुढे वाचावेसे वाटले तर वाचू द्या. नको म्हणाली तर पुस्तक तिच्याकडून परत घ्या, आणि बदली कोणते हवे ते या वेळी तिलाच विचारा.